एका म्यानात दोन नंबर

हॅलो! दचकू नका. रोज माझ्यातून दुसरेच बोलतात, आज मी स्वतः बोलतोय. मी एक साधा मोबाईल. कारखान्यात माझ्या पोटात सिमकार्डासाठी शेजारी-शेजारी दोन खाचा केल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझ्या नशिबी दोन मालकिणी आहेत.

ट्रक चालवणाऱ्या एका मुलानं मला आपल्या आईसाठी विकत घेतलं. घरात त्याची बायकोही होती, म्हणून मी त्याच्या आईला सासूबाईच म्हणतो. पहिल्या खाचेत सासूबाईंचा नंबर बसला. पुढे सुनेचा फोन कपड्यांच्या बादलीत बुडाला आणि ‘नवा घेईपर्यंत’ म्हणून तिचं कार्ड माझ्या दुसऱ्या खाचेत आलं. पहिल्या नंबरला घंटेचा आवाज, दुसऱ्याला बासरीचा. घंटा वाजली की सासूबाई उठायच्या, बासरी वाजली की सून. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. माझ्यात राहिल्या. त्या दोघींत मात्र तेव्हा विस्तव जात नव्हता.

कारण होतं बस. नवऱ्याकडून ट्रक शिकलेल्या सुनेनं मोठ्या गाडीचा परवाना काढला आणि बस डेपोत चालकाच्या नोकरीसाठी अर्ज केला.

“बाईमाणसानं बस हाकायची? लोक तोंडात शेण घालतील!” सासूबाई कडाडल्या.

“आई, तुमच्या मुलाचं तुम्ही चारचौघांत कौतुक करता. स्टिअरिंगला काय कळतंय, हात कुणाचा आहे ते?”

झालं. त्या दिवसापासून अबोला. भांडी जोरात आपटायची, दारं जोरात लागायची. मला चार्जिंगला लावायला मात्र दोघी विसरत नसत.

सासूबाईंना दुपारी धाकट्या बहिणीशी बोलल्याशिवाय अन्न पचत नसे. त्या दुपारीही त्या मला कानाला लावून बसल्या. आतल्या खोलीत सून इस्त्री करत होती, पण तिचा सगळा जीव बासरीकडे लागला होता. चालवून दाखवायला डेपोतून आज बोलावणं येणार होतं.

“अगं, आमचं ध्यान बस चालवणार म्हणे!” सासूबाई बहिणीला सांगत होत्या, आणि नेमका तेव्हाच डेपोचा फोन माझ्या दारात येऊन परत जात होता. पुन्हा आला, पुन्हा गेला. माझी घडणच तशी. एका नंबरवर बोलणं चालू असलं की दुसरा मुका होतो. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

सासूबाईंनी मला खाली ठेवलं, आणि मग दुसऱ्या नंबरवर चुकलेल्या फोनचा मेसेज आला. सुनेनं धावत येऊन उलटा फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “तुमचा लागला नाही. आम्ही पुढच्या उमेदवाराला बोलावलं.”

तिनं आदळआपट केली नाही. “आई, तुम्ही बोलत होतात तेवढा वेळ माझा नंबर बंद होता. या फोनचं तसंच असतं, आत्ता कळलं,” एवढंच म्हणाली. इस्त्रीचं बटण बंद केलं, अर्धवट राहिलेला शर्ट घडी करून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. भांडण असतं तर सासूबाईंनी पेललं असतं. हे काही त्यांना पेलेना.

सकाळी त्यांनी पदर खोचला, मला उचललं आणि पहिल्यांदाच सुनेच्या नंबरवरून डेपोला फोन लावला.

“मी त्या बस चालवणाऱ्या मुलीची सासू. काल तुमचा फोन मी अडवला होता. शिक्षा करायची तर मला करा, तिला कशाला?”

“मावशी, आम्ही दोन-तीनदा लावला. फोन न उचलणारा माणूस आम्ही...”

“अहो साहेब, बस चालवायला फोन न उचलणाराच माणूस हवा ना तुम्हाला?”

पलीकडे साहेब इतके मोठ्यानं हसले की माझा स्पीकर थरथरला. “ज्याला बोलावलं तो अजून उगवला नाही. तिला लगेच पाठवता?”

“पाठवते कसली, घेऊनच येते!”

सून भिंतीपाशी उभी राहून सगळं ऐकत होती. सासूबाईंनी तिच्याकडे न बघताच फर्मावलं, “बघत काय राहिलीस? परवाना घे!”

डेपोच्या फाटकाशी सासूबाईंच्या घामेजल्या मुठीतून मी सगळं पाहिलं. दोन पिंपांमधून बस मागे घ्यायची होती. सुनेनं आरशात पाहिलं, चाक वळवलं, आणि ती अगडबंब गाडी दोरा सुईत जावा तशी आत गेली. साहेबांनी ‘पास’ म्हणून अंगठा वर केला.

“शाब्बास पोरी!” सासूबाई ओरडल्या. साहेबांनीही मान वळवून पाहिलं.

आज माझ्या काचेला तडा गेलाय, बॅटरीही लवकर दमते. पहिल्या पगारात सून नवा फोन घेणार होती. सासूबाई म्हणाल्या, “आधी पायात चांगले बूट घे, ब्रेक दाबायचाय तुला. नंबर माझ्याजवळ राहू दे, मी आहे ना घरी.” आता बासरी वाजली तरी त्याच उठतात, आणि दुपारचं बोलणं आटोपशीर करतात. माझ्यासारखा फोन तुमच्याही घरात असेल तर एवढं ऐका. आपलं बोलणं रंगात आलं की जरा थांबून बघा, दुसऱ्या कुणाची वाट तर अडली नाही ना.

निरोप घेण्याआधी तिच्या पहिल्या दिवसाचं सांगितलंच पाहिजे. सासूबाई पुढच्या सीटवर ताठ बसल्या होत्या, मी त्यांच्या मांडीवर. मागून कुणीतरी कुजबुजलं, “बाई चालवतेय वाटतं!” तेवढ्यात घंटा वाजली. धाकटी बहीण.

“आत्ता बोलता येणार नाही गं. मी सुनेच्या बसमध्ये बसलेय.”

“कुठली सून? तीच ती, ध्यान?”

सासूबाईंनी साऱ्या बसला ऐकू जाईल असा आवाज लावला. “मला एकच सून आहे! आणि ती बस चालवते!”