काका सेवेत परतले

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि संगणक सातव्या. माणसाला निरोप समारंभ मिळतो, संगणकाला मी मिळतो. संगणक भंगारात गेला तरी त्यातलं सगळं आमच्या बॅकअपमध्ये आणखी सात वर्षं जपायचं आणि मुदत भरली की पुसून टाकायचं, हे माझं काम. बसायला तळघर आहे. स्थळं येतात तेव्हा आई 'संगणकात आहे' एवढंच सांगते.

या नोकरीला मला काकांनी चिकटवलं. ते वरच्या मजल्यावर पत्रव्यवहार बघायचे. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा ते पत्रं तोंडी सांगायचे आणि संगणक आवाज साठवून घेऊन ती टाईप करायचा. 'महोदय स्वल्पविराम आपल्या गळक्या व्हॉल्व्हबाबत' असं दिवसभर चालायचं. मधेच काकूचा फोन आला की तोही पत्रात जायचा. एका कंत्राटदाराला एकदा 'बरं, येताना दोन बल्ब आणतो' असं पत्र गेलं. त्याने आठ दिवस वाट पाहिली आणि मग बल्बबाबत स्मरणपत्र पाठवलं.

काका गेले आणि त्याच आठवड्यात त्यांचा संगणकही भंगारात गेला. त्याला येत्या शुक्रवारी सात वर्षं होणार होती.

सोमवारी काकू तळघरात आली. घरी फोटो ढिगाने आहेत, म्हणाली, पण आवाज कुठेच नाही. गेल्या वर्षापर्यंत तो कानात होता. आता आठवायला गेलं की काका बातम्या देणाऱ्या माणसाच्या आवाजात बोलतात. तिला व्हॉल्व्ह नको होते. मधला एखादा फोन ऐकायला मिळाला तरी पुरे होतं.

मी आमच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी नियम सांगितला: साठवलेलं परत मिळतं ते फक्त मालकाला, त्याच्याच संगणकावर, त्याच्याच अर्जावर. मालक वारलेत, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. तसं अर्जात त्यांनी स्वतः नमूद करावं, असं मॅडम म्हणाल्या. त्या गंमत करत नव्हत्या. त्यांना ती येत नाही.

मग गुरुवारी मी भंगारातून एक जुना संगणक उचलला, पुसून कोरा केला, त्याला काकांच्या संगणकाचं नाव दिलं आणि वायर जोडली. एकदा का हा काकांचा ठरला, की सगळं यावरच उतरवून घ्यायचं, असा बेत होता. पडद्यावर प्रश्न आला: हा संगणक सेवेत परतला आहे का? मी 'हो' दाबलं. यादीत काकांच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. का, ते विचारू नका.

पुढे बॅकअपने तेच केलं जे तो सेवेतल्या कुठल्याही संगणकाचं करतो. आत काय काय आहे ते पाहिलं. आत काहीच नव्हतं. आणि सेवेतल्या माणसाने आपल्या संगणकावरून जे पुसलं, ते आपणही लगेच पुसायचं, हा नियम आहे. नव्या लोकांना तो मीच समजावतो, अर्धा तास, फळ्यावर बाण काढून. बॅकअपचा समज असा झाला की काका सात वर्षांनी आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सगळं टाकून दिलं. त्याने त्यांच्या इच्छेचा मान राखला.

मी वायर उपटली. वायर उपटून उपयोग नसतो, कारण पुसणं संगणकात नाही, बॅकअपच्या बाजूला चालतं. हेही त्या अर्ध्या तासात येतं. चार मिनिटांनी काम पूर्ण झाल्याचा निरोप आला. मुदतीचा एक दिवस अजून शिल्लक होता. मी वायर पुन्हा जोडली. दुसरं काही करण्यासारखं सुचेना.

शुक्रवारी काकू आली ती शेजारणीच्या मुलीकडून हेडफोन मागून घेऊन. मी तिला सगळं सांगितलं. बाणसुद्धा काढून दाखवले. तिने शेवटच्या बाणावर बोट ठेवलं.

"म्हणजे आले होते?"

"काकू, ते म्हणजे संगणक. ते नाव मीच—"

"आले आणि सगळं आवरून गेले."

"चार मिनिटांत."

"घरी एक कपाट आवरायला सांगितलं तर वर्ष लावायचे."

मी सवयीने हसलो. ती हसली नव्हती, म्हणून मधेच थांबलो, आणि ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

आता ह्याचं काय करणार, असं तिने विचारलं. पुन्हा निवृत्त करायचा आणि आतलं सात वर्षं जपायचं, मी म्हणालो. आत काय आहे, तिने विचारलं. काही नाही, मी म्हणालो.

तिने तो हिरवा ठिपका पाहायला मागितला. मी खुर्ची दिली. ती पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. जेवणाची सुट्टी होऊन गेली, मॅडम दारातून डोकावून गेल्या, तरी ती उठली नाही. उठल्यावर पदर सारखा केला.

"मी घरी पोचेपर्यंत बंद करू नकोस."

तिला घरी जायला चाळीस मिनिटं लागतात. मी तो सोमवारी बंद केला. निवृत्तीच्या कारणांच्या यादीत दोनच पर्याय असतात, 'जुना झाला' आणि 'नादुरुस्त'. तो नादुरुस्त नव्हता.