तक्रार नाही

पाळकांनी कागद उशीजवळ ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. इस्पितळाच्या खाटेवर चर्चचा राखणदार उताणा पडला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि पट्टीखाली डोळा उरला नव्हता.

"काका, फक्त एक सही. चारच्या आत चौकीवर द्यायचाय."

"काय लिहिलंय त्यात?" स्टुलावर बसलेल्या राखणदाराच्या बायकोने विचारलं.

"मारणाऱ्या तिघांना क्षमा केली, तक्रार नाही, एवढंच. रविवारी मंडळीला मी तसं सांगितलंय."

"मार यांनी खाल्ला आणि क्षमा करून तुम्ही मोकळे! आयजीच्या जिवावर बायजी उदार."

पाळकांचे कान तापले. वयाने ते तरुण होते. त्यांची अहिंसा पक्की होती, फक्त तिच्यावर आजवर एक ओरखडाही उठला नव्हता. महिन्यापूर्वी चर्च फोडण्याची धमकी आली, तेव्हा देवाच्या घराला काठी कशाला, म्हणत त्यांनीच राखणदाराची काठी काढून घेतली होती. पुढे ते तिघं लोखंडी गज घेऊन आले. राखणदार रिकाम्या हातांनी दारात उभा राहिला. पाळक तेव्हा आपल्या घरी, आतून कडी लावून झोपले होते.

"ताई, आपणही सूड घेतला तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

"आहे ना फरक. त्यांना दोन डोळे आहेत."

शेजारच्या खाटेवरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं. पाळकांना तिथून पळून जावंसं वाटलं. सही झाली नाही तर ते तिघं तुरुंगात जाणार होते आणि पाळकांचा रविवारचा शब्द खोटा पडणार होता. त्यातलं आपल्याला जास्त काय टोचतंय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

"द्या इकडे," राखणदार म्हणाला.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"मला करायचीय म्हणून करतोय. कुणाच्या सांगण्यावरून नाही."

एका डोळ्याला अंदाज येईना. पेन कागदाच्या बाहेर चादरीवर टेकलं. बायकोने तोंड फिरवलं, पण त्याचा हात धरून जागेवर नेला तिनेच. सही वाकडीतिकडी उमटली.

पाळकांचा जीव भांड्यात पडला. "काका, फार मोठं मन तुमचं. चला, प्रार्थना करू या."

प्रभूची प्रार्थना राखणदाराला तोंडपाठ होती. तो पाळकांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणत होता. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर,' ही ओळ आली आणि तो गप्प झाला. पुढची प्रार्थना पाळकांनी एकट्याने म्हटली, आमेनही एकट्यानेच.

"दुखतंय का, काका? मध्येच थांबलात."

"त्या तिघांना केलं माफ, साहेब. अगदी मनापासून. ते निदान माझ्यासमोर उभे राहिले होते." राखणदाराने मान वळवून उरलेला डोळा त्यांच्यावर लावला. "तुम्हाला माफ करणं अजून जमत नाहीये."

पाळक कागद हातात धरून उभेच राहिले.

"चार वाजत आले," बायको म्हणाली. "निघा आता."