बिनकाचेचा चष्मा

रेडिओवर वीस वर्षं बातम्या वाचलेल्या माणसाला टेलिव्हिजनवर घेतलं, तेव्हा त्याला चष्मा आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आवाजाला चष्मा नसतो. स्टुडिओत सगळे त्याला 'रेडिओ'च म्हणत.

पहिल्याच बातमीपत्रात समोरचे दोन दिवे त्याच्या काचांत चकाकले. बघणाऱ्यांना डोळ्यांच्या जागी बल्ब दिसले. चष्मा काढून पाहिला, तर तो नुकताच झोपेतून उठवल्यासारखा दिसू लागला. शेवटी मेकअपवाल्याने तोडगा काढला : काचा काढा, फ्रेम राहू द्या. संचालकांना चेहरा पसंत पडला. "तीन महिने बघू," ते म्हणाले, "नाही जमलं तर परत रेडिओ." रेडिओतली त्याची जागा एव्हाना भरली होती.

तेव्हापासून तो साडेसहाला येई, बातम्या खऱ्या चष्म्यातून तोंडपाठ करी आणि साडेआठला रिकाम्या फ्रेममधून धूसर कागदाकडे बघत घडाघडा म्हणून दाखवी. कागद उलटायला चुकत नसे. घरी बायको एकदा म्हणाली, "अहो, काच कुठंय त्यात? पुसताय काय?"

तीन महिने पुरे व्हायला दोन दिवस उरले होते. चौथी बातमी चालू असताना उपसंपादक कॅमेऱ्याखालून रांगत आला आणि टेबलावर हाताने लिहिलेलं चिठोरं सरकवून तसाच रांगत गेला. रेडिओला निळ्या शाईचा एक ढग दिसला आणि त्याखाली तांबड्या दोन रेघा. दोन रेघा म्हणजे आत्ताच्या आत्ता. पाठ केलेली पाचवी बातमी, पशुप्रदर्शनाची, जिभेवर तयार होती. चिठोरं खाली पडलं, असं नंतर सांगता आलं असतं. संचालक घरी बसून बघत होते.

त्याने फ्रेम काढून टेबलावर ठेवली. खिशातला खरा चष्मा लावला. काचांत दोन्ही दिवे पेटले.

"धरणाचे दरवाजे रात्री दहा वाजता उघडण्यात येणार आहेत. नदीकाठच्या रहिवाशांनी ताबडतोब उंचावर जावे."

हे त्याने दोनदा वाचलं. मग पशुप्रदर्शन सांगितलं, तेही वाचून.

बातमीपत्र संपताच फोन खणखणला.

"चष्मा का बदललात?" संचालकांनी विचारलं.

"दिसत नव्हतं, साहेब."

"मग आधीच्यातून काय दिसायचं?"

"आरपार, साहेब."

"आणि इतके दिवस बातम्या?"

"पाठ."

"उद्यापासून काचा घालून या," संचालक म्हणाले, "आणि दिवेवाल्याला द्या फोन."

दिवेवाला आठ-दहा वेळा "हो" म्हणाला. मग त्याने शिडी आणली आणि दोन्ही दिवे हातभर वर सरकवले. चार मिनिटं लागली. रेडिओने खुर्चीत बसून मान हलवून पाहिली. काचांत काही चकाकलं नाही.

"एवढंच होतं?"

"मला कुणी विचारलंच नाही की," दिवेवाला शिडी मिटत म्हणाला.