दोन्ही खांदे टेकले होते

सतीशने भिंतीवरची कुस्तीची पदकं खिळ्यासकट ओढून काढली आणि पोरीपुढे टाकली. स्नेहल, माझी नात, खाटेवर बसून होती. ओठाला दोन टाके, डोळे लाल. सतीश तिचा बाप आणि माझाच पोरगा, म्हणून आवाज कसा खाली आणायचा ते मला ठाऊक. पण त्या दिवशी मी त्याला बोलू दिलं. सात वर्षं दूध-बदाम चारले ते रस्त्यावरच्या हलकटाचा मार खायला का, म्हणाला. उद्यापासून तालीम बंद, कंपनीही बंद.

झालं होतं ते असं. कंपनीची बस तिला भांडगावच्या फाट्यावर सोडते. तिथून आमची वस्ती दीड किलोमीटर, सगळी उसातून. दुपारी पाळी सुटून येताना एकाने मागून हात धरला. पोरीने त्याला धोबीपछाड घालून उताणा पाडला आणि उठून दोन पावलं मागे सरकली. त्याने मूठभर माती तिच्या डोळ्यांत फेकली, तोंडावर ठोसा मारला. शेजारचा मल्हारी विळा घेऊन धावला, तेव्हा पळाला मुडदा.

सतीश बाहेर गेल्यावर मी पोरीला विचारलं, मागे का सरकलीस?

"आज्जी, दोन्ही खांदे टेकले व्हते त्याचे," ती म्हणाली. "कुस्ती झाली व्हती."

मला हसू आलं नाही. तालमीत हेच शिकवतात आणि बरोबर शिकवतात. पाठ लागली की सोडायचं, वर बोटसुद्धा लावायचं नाही. पोरीच्या ते हाडात मुरलेलं. पण उसाच्या बांधावर शिट्टी कोण वाजवणार?

मी तिसरी शिकलेली बाई. तरी हा धडा मला येतो. नवी नवरी असताना विहिरीवर एकाने माझा पदर धरला होता. मी त्याच्या मनगटाला चावले आणि पळाले. घागर तिथंच राहिली. सासूने घागरीपायी शिव्या घातल्या. घातल्या तर घातल्या.

टाके निघाल्यावर सकाळी अंगणात पदर खोचून उभी राहिले.

"पाड मला."

"आज्जी, हाडं मोडतील."

"तुझी का माझी?"

तिने मला तान्ह्या पोराला ठेवावं तसं जमिनीवर ठेवलं आणि मागे सरकली. मी दोन्ही हातांनी तिचा घोटा धरला. मेलीस, म्हटलं, परत पाड. पडला की थांबायचं नाही. धरलं तर चावायचं, डोळ्यांत बोटं घालायची, बोंब ठोकायची आणि पळायचं.

"चावणं फाऊल हाय," ती म्हणाली.

"मंग पत्र लिव त्याला, फाऊल झाला म्हणून. अगं, तिथं जिंकायचं न्हाई, घरी यायचं."

कुंपणापलीकडून सखूबाईने विचारलं, नात म्हातारीला मारते का? मी म्हटलं, तू तुझी भाकर बघ, करपती. तिसऱ्या वेळी पोरगी मला ढकलून जी सुटली ती थेट फाटकापर्यंत. धापा टाकत परत आली आणि विचारू लागली, तालमीतबी असंच करू का?

"तिथं चावलीस तर मीच कान धरून भाईर काढीन."

तेव्हा कुठे हसली. टाक्यांच्या जागी ओठ ताणला, तरी हसली.

सोमवारी ती पाळीला निघाली. सतीश म्हणाला, मी सोडतो, मीच आणतो, नाहीतर जायचं नाही. मी विचारलं, किती वर्षं सोडशील? तो गाडीची किल्ली शोधू लागला. किल्ली माझ्या कमरेला खोचलेली होती. आईच्या कमरेची किल्ली मागायची हिंमत त्याला झाली नाही.

पोरीने पिशवीत डबा आणि तालमीचे कपडे घातले, माझ्या पाया पडली आणि चालू लागली. ऊस डोक्याच्या वर गेलेला. वळणावर तिची वेणी दिसेनाशी झाली. सतीश ओट्यावर बसला, मी दारात उभी राहिले. वीसेक मिनिटांनी फाट्यावर बसचा हॉर्न वाजला, पोरगी चढली की ड्रायव्हर देतो तो, आणि मग माझ्या हाताने चौकट सोडली.