निघोज्यात भूक सापडत नाही

सरूबाई गेल्याची बातमी निघोज्यात सगळ्यात आधी कळली ती उपाशी माणसांना. नातेवाइकांना नंतर.

पहाटे तिला पिंपरीच्या दवाखान्यात नेलं आणि दहाच्या सुमारास डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, जयसिंगला, बाहेर बोलावून सांगितलं. मग तो कागदांवर सह्या करत या खिडकीतून त्या खिडकीत फिरत राहिला. कुणाला फोन करावा हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. रहाटणीच्या मेव्हण्याला कळलं ते संध्याकाळी. निघोज्यात मात्र दुपारी साडेतीनलाच कळलं होतं. त्या वेळी तीन पोरं नेहमीसारखी तिच्या खानावळीच्या मागच्या दाराशी आली आणि तिथं पातेलं नव्हतं. अकरा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. पोरं थोडा वेळ उभी राहिली. मग त्यांच्यातला समाधान म्हणाला, "काकू गेल्या वाटतं." त्याला कुणी वेड्यात काढलं नाही.

शववाहिनीतून जयसिंग उतरला तेव्हा दाराशी चाळीसेक माणसं उभी होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"पातेलं नव्हतं, काका," समाधान म्हणाला.

या पातेल्याचं आधी सांगायला हवं. जवळच्या चाकणच्या कंपन्यांमध्ये कंत्राटी पोरांना सहा-सात महिने झाले की ब्रेक देतात. ब्रेक म्हणजे घरी बसवणं. माणूस जास्त दिवस सलग राहिला तर कायम करा म्हणेल, ही भीती. ब्रेक कधी महिन्याचा, कधी दोन महिन्यांचा. या काळात खोलीचं भाडं ब्रेक घेत नाही आणि पोटही घेत नाही. गावी जावं तर बाप विचारतो, नोकरी गेली का? खानावळीत येऊन बसावं तर कालपर्यंत शेजारी बसणारे बघतात. म्हणून ही पोरं खोलीत पडून राहतात आणि कुणी विचारलं तर जेवून आलो म्हणतात.

सरूबाई दुपारची भांडी आवरली की मागच्या दाराशी भाजीचं पातेलं, फडक्यात भाकरी आणि कांदे ठेवायची. साडेतीन ते पाच घरातल्या कुणी मागच्या अंगाला फिरकायचं नाही, हा नियम. सुरुवातीला एकदा जयसिंगनं खिडकीतून डोकावून बघितलं, तर ती उलथनं घेऊन उभी.

"काय बघताय?"

"किती येतात ते बघत होतो."

"बघायचंच असलं तर दोन दिवस उपाशी राहा आणि मागनं या. मग दिसतील."

पुन्हा त्यानं बघितलं नाही.

जलदान विधी झाला आणि तिसऱ्या दिवशी जयसिंगनं गॅस पेटवला. बाकी तिच्यामागे काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. पातेलं बंद पडू द्यायचं नाही, एवढंच त्यानं मनाशी धरलं. भोसरीत तीस वर्षं प्रेसवर पत्रे दाबलेला माणूस. पत्रा मिलिमीटरला चुकला नाही, पण भाकरी एकीकडे पापड आणि दुसरीकडे वीट व्हायची. शेजारच्या सोजराबाई येऊन थापू लागल्या म्हणून निभावलं.

"भाऊ, ही भाकर हाय का फरशी?" त्या विचारायच्या.

"खाणारा तक्रार करत नाही."

"त्यो मागनं येतोय, त्याला तक्रार कुठली करायची? सरूचं नाव घालवू नका म्हंजी झालं."

त्यातच सोजराबाईंच्या लेकीचे दिवस भरत आले आणि त्यांना पंधरवड्यात जुन्नरला जायचं होतं. आता एकट्यानं कसं होणार, या काळजीत जयसिंग असतानाच जगातली भूक संपवणारी माणसं त्याच्या दारात आली.

दोघं होती. विजयश्री मॅडम प्रकल्पप्रमुख, पिंपळे सौदागरच्या. आणि धनेश, त्याच्या हातात टॅब. त्यांच्या संस्थेनं रातकिड्यांच्या पिठाची आणि शेवाळाची वडी तयार केली होती. एक वडी खाल्ली की एका जेवणाचं पोषण. आधी निघोज्यात प्रयोग, तो जमला की वडी परदेशात दुष्काळी मुलखात जाणार.

"काका, जगात कोट्यवधी लोक रोज उपाशी झोपतात," विजयश्री म्हणाली.

"हो," जयसिंग म्हणाला. त्यातले दोन-चार मागच्या गल्लीत राहतात, हे त्याच्या तोंडावर आलं होतं, पण मॅडम पुढच्या वाक्यावर गेली होती.

सोजराबाईंनी वडी हातात घेऊन वास घेतला. "रातकिडं? आख्खं आयुष्य पिठातलं किडं चाळण्यात गेलं, आन् आता किड्याचंच पीठ व्हय?"

"आजी, खूप प्रोटीन असतं."

"आसंल की. कोंबडी खाती त्ये. म्हनून तर आमी कोंबडी खातो."

जयसिंगनं मात्र वडी खाल्ली. बहात्तरच्या दुष्काळात तो आठ वर्षांचा होता. करमाळ्याकडे आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचा आणि तिथं मिळणारी सुकडी खायचा. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारीही खाल्ली होती. खाण्याच्या बाबतीत त्याला कशाची शिसारी नव्हती.

"सुकडीपेक्षा बरी आहे," तो म्हणाला.

"धनेश, हे वाक्य लिहून घे!" विजयश्री म्हणाली.

मग पाहणी झाली. खोल्याखोल्यांतून धनेश फिरला. प्रश्न एकच, पण तो चार तऱ्हांनी विचारलेला: गेल्या तीस दिवसांत अन्न नव्हतं म्हणून किती वेळा उपाशी राहिलात? चार दिवसांनी विजयश्री एकटीच आली आणि तोंड पाडून खुर्चीत बसली. घरात कुणी आजारी आहे की काय, असं जयसिंगला वाटलं.

"काका, मोठा प्रॉब्लेम झालाय. निघोज्यात भूक नाहीये."

"मग चांगलं आहे की."

"चांगलं कसं? शंभर जणांना विचारलं. शंभरही जणांचं उत्तर शून्य. भूकच नसेल तर कमी काय करून दाखवणार? वरून मला विचारतायत, हे गाव कुणी निवडलं?" तिनं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. "आम्ही शोधलं. हे तुमच्यामुळे होतंय. रोज किती लाभार्थी असतात?"

"माहीत नाही."

"रजिस्टर?"

"मागं बघायचं नाही, असा नियम आहे."

विजयश्रीनं त्याच्याकडे दयेनं बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून तिनं समजावून सांगितलं. पंधरा दिवस पातेलं ठेवायचं नाही. तेवढ्यात खरी भूक वर येईल, ती पुन्हा पाहणी करून मोजता येईल आणि एकदा आकडा मिळाला की संस्था इथं वर्षभर केंद्र चालवेल. वाफेवरचं मोठं भांडं, दोन स्वयंपाकी, वर वड्या. केंद्राला सरूबाईंचं नाव.

"म्हणजे जेवण द्यायचं म्हणून आधी बंद करायचं?"

"फक्त पंधरा दिवस, काका. नंतर वर्षभर."

सोजराबाई परवा जाणार होत्या. त्याच्या खांद्यातून कळ निघत होती. आणि पाटीवर सरूबाईचं नाव, ही गोष्ट त्याला एकदम फार मोठी वाटली. जिवंतपणी तिचं नाव गॅसच्या पुस्तकावरही नव्हतं, तिथं याचं होतं. तो हो म्हणाला.

सोजराबाईंना कळलं तेव्हा त्या गाठोडं बांधत होत्या. "भाऊ, डोकं ठिकानावर हाय न्हवं? पोराला दूध द्यायचं म्हनून आदी त्याला रडवत बसायचं?"

"वर्षभराची सोय होतेय, बाई."

"सरूनं इचारलं आसतं तुमाला, काय इचारायचं त्ये," असं म्हणून त्या एस.टी.ला गेल्या.

जयसिंगनं मागच्या दारावर कागद लावला: पंधरा दिवस बंद. संस्थेनं प्रत्येकाला नमुना म्हणून एकेक वडी वाटली आणि सगळे आकड्याची वाट बघू लागले.

दुपारी साडेतीन वाजले की जयसिंगला बसवायचं नाही. पुढच्या खानावळीतली गिऱ्हाइकं जेवून जायची, तो ताटं विसळायचा आणि मागच्या बाजूला कान द्यायचा. पहिले दोन दिवस चपलांचा आवाज आला आणि परत गेला. तिसऱ्या दिवसापासून आवाजही नाही. आठव्या दिवशी त्याला समाधान नळावर दिसला. पाणी पीत होता. बराच वेळ पीत होता.

"समाधान, थोडे दिवस कळ काढ रे. मग वर्षभर बघायला नको."

"हाव काका. आमचं चालायलंय की." तो हसला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून निघून गेला.

सोळाव्या दिवशी धनेश टॅब घेऊन आला. जयसिंग त्याच्याबरोबर खोल्यांवर गेला. आपल्या डोळ्यांसमोर आकडा पडावा, अशी त्याची इच्छा होती. समाधान चटईवरून उठताना भिंतीला हात लावून उठला. गाल आत गेले होते.

"गेल्या पंधरा दिवसांत अन्न नव्हतं म्हणून किती वेळा उपाशी राहिलात?" धनेशनं वाचून दाखवलं.

"एकदाबी नाही."

"जेवणाचं प्रमाण कमी करावं लागलं?"

"नाही ना. घरून पीठ येतंय आमच्या. हिंगोलीची ज्वारी, इथल्यासारखी नाही."

खोलीत चूल नव्हती, स्टोव्ह नव्हता, तवाही नव्हता. धनेशनं शून्य टाकलं. जयसिंगला राहवलं नाही.

"अरे, खोटं कशाला बोलतोस? खरं सांग त्याला. तुमच्यासाठीच चाललंय हे!"

समाधाननं त्याच्याकडे बघितलं. "काका, मी हिंगोलीहून इथं भीक मागायला आलो का? ह्यो पोरगा लिहून घेणार, नाव टाकणार, फोटो काढणार. उद्या माझ्या मायनं मोबाईलवर बघितलं तर?"

"नाव गुप्त राहतं, दादा," धनेश म्हणाला.

"मग विचारायलास कामून?"

"काका, तुम्ही जरा बाहेर थांबा," धनेश जयसिंगला म्हणाला. "उत्तर देणाऱ्यावर दबाव आला की माहिती बिघडते."

जयसिंग बाहेर जाऊन उभा राहिला. खोलीमागून खोली शून्य येत गेलं. पोरं खरोखर उपाशी होती आणि एकही जण ते सांगायला तयार नव्हता. ते सांगावं लागू नये म्हणूनच तर सरूबाई अकरा वर्षं पाठ करून उभी राहिली होती. जयसिंग तिच्याबरोबर अडतीस वर्षं राहिला आणि हे त्याला एका टॅबवाल्या पोराच्या मागं हिंडल्यावर कळलं.

केंद्र येणार नाही, हे त्याला त्याच दिवशी कळून चुकलं. पण आपली अक्कल कुठवर जाते आणि संस्थेची कुठवर, याचा त्याला अंदाज नव्हता. महिन्याभरात विजयश्रीचा फोन आला. आवाज एकदम आनंदी.

"काका, रिपोर्ट जबरदस्त झालाय! जेवण बंद होतं, माणशी एकच वडी दिली, तरी पंधरा दिवस एकही माणूस उपाशी राहिला नाही. परदेशातल्या लोकांचा विश्वासच बसेना!"

"मॅडम, ती पोरं खोटं बोलली. उपाशी होती सगळी."

"असं तोंडी नाही चालत, काका. डेटामध्ये तसं आलेलं नाही," ती म्हणाली. "आणि सत्काराला यायचंय तुम्ही. गाडी पाठवते."

"आणि केंद्र?"

"निघोज्यात आता कशाला? तिथली भूक संपली ना."

सत्काराला तो गेला नाही. शाल कुरियरनं आली. त्याबरोबर वड्यांचं एक खोकंही आलं. जुन्नरहून परतलेल्या सोजराबाईंनी ते कोंबड्यांपुढे ओतलं. कोंबड्यांनी एका सकाळीत फडशा पाडला.

"ह्यांनी बरं पास केलं," सोजराबाई म्हणाल्या. "ह्यांचा लिवा की रिपोट."

जयसिंगनं मागच्या दारावरचा कागद काढला आणि पातेलं पुन्हा ठेवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ते भरलेलं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही. भाजी आंबली, भाकरी वाळल्या. पुन्हा सुरू झालं का, असं विचारायला कुणी येणार नाही, हे आता त्याला शिकवायला नको होतं. विचारायची वेळ आपणच आणली होती. म्हणजे आता आपणच जाऊन सांगायचं.

"मी जाऊन सांगते की," सोजराबाई म्हणाल्या.

"नको. मलाच जायला हवं."

"मग जावा. धरलंय कुनी?"

समाधानची खोली मागच्या गल्लीत, चालत पाच मिनिटांवर आहे. त्याचा ब्रेक तिसऱ्या महिन्यात गेलाय, असं नळावर कुणीतरी म्हणत होतं. जयसिंग दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. मी तुम्हाला पंधरा दिवस उपाशी ठेवलं, माझं चुकलं, जेवायला या, एवढंच म्हणायचं आहे. ते त्यानं अजून म्हटलेलं नाही.