दाखवायची साडी

चौलात आमच्या आळीतून मेडिकलच्या मुलाखतीला आजवर कोणी गेलं नव्हतं, मुलगी तर नाहीच. त्यामुळे मुलाखत म्हणजे नेमकं काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या पत्रात 'समितीसमोर हजर राहावे' एवढंच होतं. समिती म्हणजे काय, असं आईने नानांना विचारलं. वडलांना आम्ही नाना म्हणायचो. ते शाळामास्तर होते, त्यामुळे त्यांना सगळं माहीत असतं असं आम्ही धरून चालत असू. चारपाच मोठी माणसं खुर्च्यांवर बसतात, मुलीला समोर बसवून प्रश्न विचारतात आणि मग काय ते पत्राने कळवतात, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. हे तिच्या चांगल्या परिचयाचं होतं.

तिने लगेच शेजारच्या वेणूबाईंना बोलावून आणलं. आळीतली कुठलीही मुलगी दाखवायची असली, की तिची तयारी वेणूबाई करायच्या. वेणी, पावडर, बसणं, उठणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलींची लग्नं जमली होती, एक मी सोडून. मला तीन नकार आले होते. दुसऱ्यांना मी उंच वाटले, तिसऱ्यांना काळी. पहिल्यांनी कारण कळवलं नव्हतं, पण त्या दिवशी मी चष्मा लावून पोह्यांच्या बश्या नेल्या होत्या, तेव्हा कारण सगळ्यांना कळलंच. तेव्हापासून कोणी बघायला आलं की माझा चष्मा आईच्या कनवटीला जायचा आणि पोहे मी अंदाजाने न्यायचे.

चौथं स्थळ तयारच होतं. बोर्ली पंचतनचे विश्वंभरराव, कापडाचं दुकान, पहिली बायको गेलेली. कॉलेजचं पत्र येईपर्यंत थांबायला ते तयार होते. निवड झाली तर त्यांना नको म्हणून कळवायचं, नाही झाली तर त्यांनी बघायला यायचं, असं नानांनी ठरवून टाकलं होतं. यात मला कोणी काही विचारलं नव्हतं. मला डॉक्टर व्हायचं होतं आणि बोर्लीला जायचं नव्हतं.

वेणूबाईंनी आठवडाभर माझ्या तोंडाला साय आणि डाळीचं पीठ चोळलं. चालायला शिकवलं, म्हणजे साडीच्या आत गुडघे जरा वाकवून, उंची कळू नये असं. नजर जमिनीवर ठेवायची. पहिल्या प्रश्नाला लगेच तोंड उघडायचं नाही, उतावळेपणा दिसतो. दुसऱ्याला हळू आवाजात सांगायचं. प्रश्न प्राणिशास्त्राचे असतील, असं मी म्हटलं. असूदेत, पण आवाज हळूच, असं त्या म्हणाल्या.

साडी काढली ती डाळिंबी चंदेरी. याच साडीत मला तिन्ही नकार आले होते, याची मी आठवण करून दिली. दोष साडीचा नव्हता, असं वेणूबाईंनी मला समजावलं.

इंटरपर्यंतची दोन वर्षं मी मुंबईत मामांकडे राहून काढली होती, त्यामुळे मी तरी काही बोलायला हवं होतं. पण मुलाखत मीही पाहिली नव्हती. शिवाय आईच्या तोंडावर इतका आत्मविश्वास मी कधी बघितला नव्हता.

रेवसहून आम्ही लाँचने निघालो. लाँचमधून उतरल्याबरोबर आईने माझा चष्मा काढून कनवटीला लावला, अबोलीचा गजरा सारखा केला आणि माझ्याकडे जरा लांबून बघितलं. धक्क्यावर घ्यायला आलेल्या मामांनी आम्हाला कॉलेजच्या दारात सोडलं आणि ते कचेरीला गेले. व्हरांड्यात बाकीच्या मुली बसल्या होत्या. मला त्यांचे नुसते रंग दिसत होते आणि ते बहुतेक पांढरे होते. शेजारच्या मुलीने मला, लग्नाला जायचंय का, असं अगदी साधेपणाने विचारलं.

माझं नाव पुकारलं. मी गुडघे वाकवून आत गेले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि जमिनीकडे बघू लागले. पहिला प्रश्न इंग्रजीत आला. उत्तर येत असूनही मी थांबले. थांबले ती जरा जास्तच, कारण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मी इतक्या हळू दिलं, की कोणीतरी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग एका बाईंचा आवाज मराठीत आला.

"जमिनीवर काय आहे?"

"मला काही दिसत नाही," मी म्हटलं. "चष्मा बाहेर आईकडे आहे."

बाईंनी शिपायाला चष्मा आणायला पाठवलं. तो परत आला तो हात हलवत.

"त्या बाई म्हणतात, आमच्या मुलीला चष्मा नाही. नजर एकदम चांगली आहे."

मी रडायच्या बेतात होते. आईला दोष कसा देणार? इतकी वर्षं परक्या माणसांनी विचारलं की हेच सांगायचं, हे घरात पक्कं ठरलेलं होतं. तिने ठरल्याप्रमाणे सांगितलं.

बाईंनी आईला आत बोलवायला सांगितलं. ती खांद्यावरून पदर घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली. बाईंनी नुसता हात पुढे केला. आई त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने कनवटीचा चष्मा काढून दिला. मी तो लावला तेव्हा ती का बघत होती ते मला कळलं. बाईंचा चष्मा माझ्यापेक्षा जाड होता.

बाईंनी आईला बसायला खुर्ची दिली आणि मला विचारलं, "डॉक्टर कशाला व्हायचंय तुला?"

वेणूबाईंनी हे उत्तर बसवून घेतलं नव्हतं. मी स्वतः पाठ केलेल्या उत्तरात खेडी होती, सेवा होती आणि राष्ट्रही होतं. पण आता मला सगळं स्पष्ट दिसत होतं आणि समोर आई खुर्चीच्या कडेवर बसली होती, अगदी माझ्यासारखी.

"आमच्या आईचं पोट दोन वर्षं दुखत होतं," मी म्हटलं. "नाना तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनी नानांना विचारलं, कुठे दुखतं. नानांनी स्वतःच्या पोटाला हात लावून दाखवलं. डॉक्टरनी त्यावर औषध दिलं. आई बाकावर बसली होती, तिला कोणी विचारलंच नाही. मला तिला विचारायचंय."

समितीतल्या एका डॉक्टरांनी समोरचे कागद सारखे केले. बाईंनी आईकडे वळून, हे खरं का, असं विचारलं. आईने होय म्हणून मान हलवली. मग मला प्राणिशास्त्राचे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं मी मोठ्याने दिली.

परतीच्या लाँचमध्ये आई माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत बसली. मला वाटलं, चारचौघांत घरातलं काढलं म्हणून रागावली. मी चष्मा काढला नाही आणि तिनेही मागितला नाही.

घरी पोचलो तर ओटीवर नाना आणि वेणूबाई वाटच बघत होते. कसं झालं, असं दोघांनी एकदमच विचारलं. आई पाय धुऊन आली आणि नानांना म्हणाली, "बोर्लीला नको म्हणून कळवा."

कॉलेजचं पत्र यायचं आहे, तोवर थांबू, असं नाना म्हणाले. त्यांचं काही चुकत नव्हतं. पत्र पुढे महिन्याभराने आलं, निवड झाली होती, पण त्या संध्याकाळी ते कोणालाच माहीत नव्हतं.

"निवड नाही झाली, तर पुढल्या वर्षी परत जाईल ती," आई म्हणाली. "तिला कुठे जायचंय ते तिने सांगितलंय. मी होत्ये तिथे."

साडी पसंत पडली का, असं वेणूबाईंनी विचारलं आणि उत्तर न घेताच घरी गेल्या.

मी आत जाऊन साडी बदलत होते. आई मागोमाग आली, दार लोटलं आणि खुंटीकडे बघत उभी राहिली.

"यांनी डावीकडे दाखवलं होतं," ती म्हणाली. "उजवीकडे आहे गो ते. बरगडीच्या खाली. अजून दुखतं."

मला तेव्हा बेडूक चिरण्यापलीकडे काही येत नव्हतं. मी तिला पलंगावर बसवलं, शेजारी बसले आणि विचारलं, "कधीपासून?"