पाचवी काच

सोमवारी सकाळी निवृत्ती पेंटरची बायको पाचव्या काचेवर निघून गेली. त्याला ते कळलं चहाच्या वेळी. सुंद्रा चुलीपाशी भाकरी थापत होती आणि अंगठ्याएवढी दिसत होती.

"चहा झाला का?"

"झालाय की. या घ्यायला," ती म्हणाली. आवाज मात्र नेहमीएवढाच होता.

तो चालू लागला. खाट भर्रकन बाजूनं गेली, घागर मोठी होत होत मागं पडली, दोरीवरची लुगडी सावकाश सरकली. सुंद्रा होती तिथंच आणि होती तेवढीच. पन्नास पावलं टाकली तरी स्वयंपाकघर काही संपेना. दुसरा कुणी असता तर बोंब ठोकली असती. निवृत्तीनं नुसता कपाळावर हात मारला, कारण चूक त्याचीच होती.

कोल्हापुरातल्या कार्टूनच्या स्टुडिओत तो मागची चित्रं रंगवायचा. तिथं एक उंच लाकडी मांडणी होती, आणि तिच्यात वीत-वीत अंतर सोडून पाच काचा आडव्या बसवलेल्या. सगळ्यांत वरच्या काचेवर गवत, दुसरीवर झाडं, तिसरीवर घरं, चौथीवर शेतं आणि तळाच्या पाचवीवर डोंगर. माथ्यावरून कॅमेरा खाली बघायचा. एक फोटो झाला की कॅमेरावाला केरबा ओरडायचा, "हलीव!" मग निवृत्ती गवत बोटभर सरकवायचा, झाडं अर्धं बोट, घरं तांदळाभर, शेतं केसभर. डोंगराला हात लावायचा नाही. पडद्यावर बघणाऱ्याला वाटायचं, आपणच झाडांमधून चाललोय, आणि डोंगर आपला लांब उभा आहे.

या कामात एकच गोष्ट वर्ज्य होती. मागच्या चित्रात माणूस काढायचा नाही. हलणारी माणसं पलीकडच्या खोलीतले लोक काढायचे. मागं काढलेलं माणूस तिथंच अडकून बसतं, हे स्टुडिओत झाडूवालीलाही ठाऊक होतं.

पण शनिवारी सुंद्रानं विचारलं होतं, "अकरा वर्सं डोंगर रंगवताय, मला कधी डोंगरावर न्हेलंय व्हय?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच त्याचं डोकं फिरलं. "जा मग, बस जा डोंगरावर!" असं म्हणून तो कामावर आला, आणि तिरीमिरीत पाचव्या काचेवर हिरव्या लुगड्यातली एक बाई काढून मोकळा झाला. आता घ्या!

तो स्टुडिओकडे पळत सुटला. वाटेत शेजारचे बेंद्रे मास्तर भेटले, "काय निवृत्ती, आज लव..." एवढं म्हणेपर्यंत ते उजवीकडून सरकून दिसेनासे झाले.

केरबा स्टुलावर चढून बसला होता. "चारला शॉट संपतोय," तो म्हणाला. "मग काचा राकेलनं पुसून घे. उद्या समुद्र."

"पाचवी राहू दे की."

"पाचवीवरच समुद्र हाय. हलीव!"

निवृत्तीनं गवत सरकवलं. स्टुडिओचं दार बोटभर सरकलं. "हलीव!" खिडकी सरकली. दुपारपर्यंत दार भिंतीतून निघून गेलं, मग भिंत गेली, रंगांचं टेबल तेवढं त्यानं पायानं अडवून धरलं. तीन वाजता केरबाही स्टुलासकट सरकून गेला, मागं त्याची हाक राहिली. जवळचं म्हणून काही उरलं नाही. खाली डोंगरावर तेवढी सुंद्रा बसून होती. निवृत्तीला रडू फुटलं.

"सुंद्रे, चुकलो गं. वर ये."

"कशी येऊ? पाय कुठं काढलेत तुमी?"

त्यानं वाकून बघितलं. खरंच की! रागाच्या भरात लुगड्याच्या काठापर्यंतच रंगवलं होतं.

"बरं, मग मीच येतो," तो म्हणाला.

चाराला दहा मिनिटं कमी होती. त्यानं पाचवी काच बाहेर ओढली आणि तिच्या शेजारी आधी स्वतःचे पाय काढले, तेही चांगले दणकट, वहाणांसकट. मग धोतर, सदरा, टोपी. तोंड काढलं तेव्हा डोंगरावरचा वारा लागला. काच आत ढकलली, तरीही ब्रश धरलेला उजवा हात राहिलाच होता. तो कसा काढला, ते त्याचं त्याला ठाऊक.

"आलासा?" सुंद्रा म्हणाली. ती आता पुरती बायकोएवढी होती.

"आलो बाई एकदाचा."

"भाकरी निवली." तिनं सरकून जागा दिली. निवृत्तीच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग त्याला राकेल आठवलं.

"चारला पुसतील गं आपल्याला."

"शॉट संपल्यावर न्हवं? किती ऱ्हायलाय?"

"एक फोटो."

"आन् काचा कोण हलीवतंय?"

"मीच की," निवृत्ती म्हणाला, आणि दोघं हसत सुटली.

डोक्यावर शेतं होती, शेतांवर घरं, घरांवर झाडं, झाडांवर गवत. त्याच्याही पलीकडून केरबा ओरडला, "हलीव!"

सुंद्रानं भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. रंग ओला होता, बोटांना लागला.

"हलीव!"

गवताचं पातंसुद्धा हललं नाही.